'बाई' की 'व्यक्ती'? आरोग्याच्या भाषेतून कोण गळतं याचा इतिहास

सावित्रीमाईंच्या जयंतीला वस्तीत आरोग्य शिबिर घ्यायचं ठरलं आणि पत्रकाचा मजकूर लिहायला आम्ही बसलो. पहिल्याच ओळीवर गाडी अडली. मथळा होता 'महिलांसाठी आरोग्य तपासणी'. आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता, जो जन्माला मुलगी म्हणून आला आणि आज पुरुष म्हणून जगतो, म्हणाला, "पाळी मलाही येते. मग हे पत्रक माझ्यासाठी नाही का? 'पाळी येणाऱ्या व्यक्ती' असं लिहा ना." त्यावर चळवळीत तीस वर्षं घालवलेल्या एक ताई उसळल्या, "अरे दादा, आयुष्यभर बाई म्हणून मार खाल्ला, बाई म्हणून अर्धी मजुरी घेतली. आता जरा आमच्या नावाचा कागद निघतोय, तर त्यावरून बाईच पुसायची?"

दोघंही आपलेच. दोघांच्या बोलण्यात जगलेलं सत्य आहे. 'ट्रान्सविरोधी' किंवा 'परदेशी फॅड' असा शिक्का मारून यातल्या कुणालाही गप्प करता येणार नाही. म्हणून आम्ही इतिहासाकडे वळलो. आरोग्याच्या आणि कायद्याच्या भाषेत 'स्त्री' हा शब्द कसा आला, कधी गाळला गेला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे तपासलं. त्यातून आमचं मत असं बनलं: शब्द तटस्थ आहे की नाही, हा खरा प्रश्नच नाही. त्या शब्दातून कोण गळतं आणि त्या गळण्याचा फायदा कुणाला होतो, हे विचारलं पाहिजे.

नावाची लढाई आपल्याला नवी नाही

'एका शब्दासाठी एवढा वाद कशाला?' असं काही मित्र म्हणतात. त्यांनी १९३८ चा जानेवारी आठवावा. मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालण्याचा घाट घातला गेला. स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला. तो मानला गेला नाही तेव्हा बाबासाहेबांसह पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. 'हरिजन' शब्दात शिवी नव्हती, उलट तो गोड होता. आक्षेप नेमका त्या गोडपणालाच होता. ज्यांना ते नाव दिलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या नावाने शोषणावर पांघरूण पडत होतं.

या प्रसंगातून दोन कसोट्या मिळतात. ज्याचं नाव ठेवायचं, त्याला विचारलं का? आणि नव्या शब्दाने शोषण उघडं पडतं की झाकलं जातं? आजच्या वादाला याच दोन कसोट्या लावायच्या आहेत.

'विटाळ' : एकच शब्द, दोन गुलामगिऱ्या

मराठीत पाळीसाठी काय काय शब्द आहेत पाहा. कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, अडचण आली. एकातही शरीराचं नाव नाही. आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेला शब्द म्हणजे विटाळ. पाळीच्या बाईचा विटाळ होतो आणि अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ होत होता. ब्राह्मणी व्यवस्थेने स्त्रीला आणि अस्पृश्याला एकाच शब्दाने बाहेर बसवलं. जी अस्पृश्यही होती आणि स्त्रीही, तिच्यावर तो शब्द दोनदा पडला. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी विटाळाचा हा सवाल थेट देहाच्या उत्पत्तीपर्यंत नेऊन भिडवला, तो उगाच नाही.

त्यामुळे स्त्रियांच्या आरोग्याची भाषा कधी काळी शुद्ध, स्पष्ट होती आणि आता कुणी ती बिघडवतंय, असं समजण्याचं कारण नाही. ती पहिल्यापासून लपवाछपवीची भाषा होती. ती मोडायचा प्रयत्न करणाऱ्यांना कोर्टात खेचलं गेलं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर मोकळेपणाने लिहीत होते. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत हस्तमैथुन होतं, समलिंगी संबंधही होते. १९३४ च्या त्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांना आपल्या शरीराबद्दल, मग ते बहुसंख्यांसारखं असो वा नसो, प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा हक्क आहे, या बाजूने आपला बाप कोर्टात उभा होता, हे लैंगिक अल्पसंख्याकांचा विषय निघाल्यावर नाक मुरडणाऱ्या आपल्याच काही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावं.

स्त्रीचं नाव कायद्यात आलं ते कसं

आता ताईंच्या बाजूचा इतिहास. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. विरोधकांचं म्हणणं होतं की हा बोजा मालकांवर का? बाबासाहेबांचं उत्तर मार्मिक होतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून सरकारनेही भार उचलावा. पण मालकाचीही जबाबदारी आहे, कारण काही उद्योगांत तो बायका कामाला लावतो ते पुरुषांपेक्षा त्यांच्यापासून जास्त फायदा होतो म्हणून. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला.

या युक्तिवादाचं मर्म पकडा. मालक नफा कमावताना 'कामगार' असा तटस्थ विचार करत नव्हता. तो स्त्री पाहून, स्त्री म्हणून कमी मजुरी देत होता. मग हक्क देताना तिला फक्त 'कामगार' म्हणून कसं चालेल? जिथे शोषण नाव घेऊन होतं, तिथे न्यायही नाव घेऊनच मागावा लागतो. जातीच्या बाबतीत आपण हेच म्हणतो. 'आम्ही जात पाहत नाही' म्हणणारा जात टिकवतोच, हे आपल्याला पाठ आहे.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांबाबतचा ठराव मांडला. त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांचं होतं. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या शरीराचं काय होतं, हा मुद्दा आपल्या पक्षाने सभागृहात नेला. ठराव फेटाळला गेला. पण बाईचं शरीर हा राजकारणाचा विषय आहे, हे तिथे नोंदवलं गेलं.

'व्यक्ती' म्हणून हक्क नाकारला, त्याची गोष्ट

तटस्थ शब्दाने काय होऊ शकतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात कामगारांच्या पगारातून पैसे कापून एक अपंगत्व विमा योजना चालत असे. आजाराने वा अपघाताने काम बंद पडलं तर भरपाई मिळे. पण सामान्य गरोदरपण आणि बाळंतपण त्यातून वगळलं होतं. काही कामगार स्त्रिया कोर्टात गेल्या. १९७४ मध्ये 'गेडुल्डिग विरुद्ध आयेलो' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा स्त्री-पुरुष भेदभावच नाही. कारण योजनेने लोकांचे दोन गट केलेत, एक 'गरोदर स्त्रिया' आणि दुसरा 'गरोदर नसलेल्या व्यक्ती'. दुसऱ्या गटात बायकाही आहेत, मग भेदभाव कुठे आहे?

पाहा, 'व्यक्ती' हा शब्द इथे कुणाच्या कामी आला! गरोदरपणाचा भार कोणत्या लिंगाच्या लोकांवर पडतो, हे जगाला माहीत असताना कोर्टाने एका तटस्थ शब्दाआड ते झाकलं. अमेरिकन काँग्रेसला १९७८ मध्ये वेगळा कायदा करून नोकरीत गरोदरपणावरून केलेला भेदभाव हा लिंगभेदच आहे, असं लिहावं लागलं. आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा आधार म्हणून गेडुल्डिगचा दाखला पुन्हा वापरला.

'कोयता' : आपल्या मातीतला तटस्थ शब्द

अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडे साखर कारखान्याच्या पट्ट्यात मजुरांची मोजणी 'कोयत्या'वर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि ती घेतो बहुतेक वेळा नवरा. 'कोयता' शब्दाला ना जात आहे, ना लिंग. तटस्थ शब्द! पण या शब्दात बाई गडप होते. तिचं काम मोजलं जातं, तिचं नाव लिहिलं जात नाही. एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा पडतो. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत मोळ्या उचलणं चुकत नाही.

याचा शेवट कशात झाला हे २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून गेलेल्या तरुण बायकांना कॅन्सरची भीती घालून 'पिशवी काढून टाका' असं सांगितल्याच्या कहाण्या बाहेर आल्या. या बायका कोण? वंजारी, बौद्ध, मातंग, भटक्या-विमुक्त. कोयत्याची बाई जेव्हा बाई म्हणून मोजली गेली, तेव्हाच ही गोष्ट सरकारी कागदावर आली. ती पाहणी 'ऊसतोड कामगार व्यक्तीं'ची झाली असती, तर पुरुष बेरजेत मिसळून हा आकडा अर्धा दिसला असता.

म्हणून आम्ही ठामपणे म्हणतो, आकडेवारीतून, कायद्यातून आणि मागण्यांतून 'स्त्री' हा शब्द काढता कामा नये.

पण 'स्त्री' म्हणजे कोणती स्त्री?

इथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. पण 'स्त्री' हा शब्दसुद्धा निर्दोष नाही. तो शब्दही माणसं गाळतो.

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा घ्या. गर्भनिरोधक निकामी ठरल्यामुळे गर्भ राहिला तर मिळणारं संरक्षण त्यात 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांनाच होतं. लग्न न झालेली, टाकलेली, लग्नाशिवाय राहणारी बाई त्या शब्दात नव्हती. ते 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असं व्हायला २०२१ उजाडावं लागलं, म्हणजे पन्नास वर्षं. स्त्री चळवळीच्या 'स्त्री'तही दलित स्त्री किती होती? गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळं का बोलतात याची मांडणी केली आणि शर्मिला रेगेंनी ती पुढे नेली. सगळ्या 'स्त्रियां'च्या वतीने बोलणारा आवाज प्रत्यक्षात उच्चजातीय स्त्रीचा होता, हे तेव्हा लख्ख झालं. अमेरिकेत काळ्या स्त्रियांनाही हाच अनुभव आला, म्हणून १९९४ मध्ये शिकागोत त्यांच्या एका गटाने 'प्रजनन न्याय' ही वेगळी संकल्पना मांडली.

आपण दलित स्त्रियांनी 'आम्हाला तुमच्या शब्दात जागा नाही' असं म्हटलं, तेव्हा प्रस्थापित स्त्रीवादी काय म्हणाल्या? 'चळवळ फुटेल.' आज आमचा तो साथी तेच वाक्य आमच्यासमोर म्हणतो, तेव्हा आपणही 'चळवळ फुटेल' म्हणायचं? मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

त्याची अडचण काल्पनिक नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण कागदावर 'पुरुष' आणि पोटात गर्भपिशवी असलेला माणूस स्त्रीरोग विभागाच्या रांगेत उभा राहिला की काय होतं? रांगेतल्या नजरा, केसपेपर लिहिणाऱ्याचा सवाल, आणि मग तो तपासणी न करताच परत फिरतो. त्याच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होत नाही असं नाही. फक्त तो वेळेत कळत नाही. त्यात तो दलित असेल, गरीब असेल, तर खाजगी दवाखान्याचा रस्ताही बंद.

न्यायालयाने काय केलं

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या पेचातून वाट काढली ती अभ्यासण्यासारखी आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या नियमाचा लाभ दिला. तिथेच न्यायालयाने नोंदवलं की 'स्त्री' या शब्दात सुरक्षित गर्भपाताची गरज पडू शकणाऱ्या इतर लिंगओळखीच्या व्यक्तीही येतात. शब्द ठेवला, त्याचं दार रुंद केलं.

२०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं. निकालात 'गर्भवती व्यक्ती' असा शब्द वापरला आणि का वापरला याचा खुलासाही केला: गर्भधारणा ट्रान्स पुरुषांना आणि इतर लिंगओळखीच्या काही लोकांनाही होऊ शकते. यावर टीका झाली. पण निकाल वाचला तर दिसतं की त्या मुलीचं वय, तिच्यावरचा अत्याचार, तिची स्थिती, काहीच त्या शब्दाने झाकलेलं नाही. निर्णय बदलला तेव्हाही गर्भवतीची स्वतःची संमती सर्वोच्च, हेच सूत्र ठेवलं. इथे 'व्यक्ती' हक्क वाढवायला वापरला आहे. गेडुल्डिगमध्ये तोच शब्द हक्क नाकारायला वापरला होता. तेव्हा शब्दाला दोष देण्याआधी तो कोणत्या हेतूने आणि कुणाच्या हातात आहे, हे पाहिलं पाहिजे.

'शरीरे' नको

उलट टोकाची चूकही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०२१ मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने मुखपृष्ठावर एका लेखातलं वाक्य छापलं. त्यात 'स्त्रिया' ऐवजी 'योनी असलेली शरीरे' असे शब्द होते. गदारोळ झाला, संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. हेतू समावेशाचा असेल, पण माणसाचं शरीर केलं की समावेश होत नाही. १८४० च्या दशकात अमेरिकेत मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, लुसी या गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया करून आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा 'जनक' हा किताब मिळवला. त्याच्या लेखी त्या शरीरंच होत्या. ज्यांच्या देहाला हजारो वर्षं वस्तू मानलं गेलं, त्या आपण तरी असा शब्द वापरू नये.

आणि एक साधी गोष्ट. मराठीत 'व्यक्ती' हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. 'ती व्यक्ती आली' असंच आपण म्हणतो. उलट तटस्थ समजले जाणारे रुग्ण, कामगार, नागरिक हे शब्द बोलताना पुल्लिंगी होतात. म्हणजे इंग्रजीतलं उत्तर जसंच्या तसं उचलून आपला प्रश्न सुटत नाही. शिवाय आरोग्याचं पत्रक हे पहिल्यांदा कळलं पाहिजे. 'प्रजननक्षम व्यक्ती' वाचून चौथी शिकलेली आमची मावशी तो कागद दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून बाजूला ठेवेल. ज्याला इंग्रजी वळणाची मराठी येते त्यालाच कळेल अशी भाषा म्हणजे नवा ब्राह्मणीपणाच.

आमचा नियम

तर मित्रांनो, आम्ही स्वतःपुरता हा नियम केला आहे. जोडायचं, पुसायचं नाही. आकडे, कायदे, मागण्या, मोर्चाची घोषणा यात 'स्त्री' राहील, आणि ती जातीसह, वर्गासह मोजली जाईल. जिथे सेवा द्यायची आहे, तिथे त्या सेवेची गरज असलेल्या प्रत्येकाला नावाने हाक मारली जाईल. आणि कुणाला काय म्हणायचं, हे त्याला विचारून ठरेल.

त्या रात्री पत्रकाची पहिली ओळ ताईंनी आणि त्या साथीने मिळून लिहिली: 'महिलांनो, मुलींनो, आणि स्वतःला महिला न म्हणणाऱ्या पण पाळी येणाऱ्या आमच्या सगळ्या साथींनो, या.' ओळ थोडी लांब झाली. छपाईवाल्याने विचारलं, कमी करायची का? ताई म्हणाल्या, "नको. कागद मोठा घे."

जय भीम!